सोंग आणि ओळख

१

वेषांतर हा कथनव्यवहारातला अतिशय जुना संकेत आहे आणि बहुधा सर्वांत दुबळाही. पात्राने पोशाख बदलावा, नाव बदलावे, फार तर मिशा लावाव्यात किंवा काढाव्यात, आणि कालपर्यंत त्याच्या पंक्तीला बसलेल्या माणसांनी त्याला ओळखू नये, अशी मागणी संहिता आपल्याकडे निःसंकोचपणे करते. आपणही ती मुकाट्याने मान्य करतो. या मागणीचे विसाव्या शतकातले सर्वांत धीट रूप म्हणजे सुपरमॅनचा चष्मा. जेरी सीगल आणि जो शुस्टर यांनी १९३८ मध्ये ज्या नायकाला अमेरिकी चित्रकथेत आणले, तो आकाशातून उडतो तेव्हा त्याचा चेहरा उघडा असतो. क्लार्क केंट म्हणून वृत्तपत्राच्या कचेरीत बसतो तेव्हा त्याच चेहऱ्यावर फक्त एक चष्मा चढतो. शेजारच्या मेजावरची लुईस लेन त्याला ओळखत नाही. आपल्याकडे १९९७ च्या सप्टेंबरात दूरदर्शनवर सुरू झालेल्या 'शक्तिमान' मालिकेने हाच बंध उचलला. पंडित गंगाधर विद्याधर मायाधर ओंकारनाथ शास्त्री या लांबलचक नावाचा, चष्मा लावणारा आणि पुढे आलेल्या दातांचा छायाचित्रकार हाच शक्तिमान असतो, आणि गीता विश्वास ही पत्रकार रोज त्याच्याशी बोलूनही अनभिज्ञ राहते. त्या वर्षांत जळकोटला ज्या घरी दूरचित्रवाणी संच असे त्या घरी रविवारी दुपारी मुले दाटीवाटीने बसत, आणि भाग संपला की एकच तक्रार ऐकू येई: हिला एवढेही कसे कळत नाही?

समीक्षेच्या परिभाषेत या तक्रारीला तयार उत्तरे आहेत. कोलरिजने १८१७ मध्ये सांगितलेले अविश्वासाचे स्वेच्छेने केलेले निलंबन हे त्यांपैकी एक. श्रीशंकुकाचा चित्रतुरगन्याय हे दुसरे, आणि माझ्या मते अधिक सूक्ष्म. चित्रातला घोडा पाहताना होणारी प्रतीती यथार्थ नसते, मिथ्या नसते, संशयाची नसते आणि सादृश्याचीही नसते. ती या चारींहून वेगळी असते, आणि नटाच्या ठिकाणी 'हा रामच' असे आपण मानतो ते याच वेगळ्या प्रतीतीच्या बळावर. ही उत्तरे चुकीची नाहीत. पण ती प्रेक्षकाविषयीची आहेत. मुलांची तक्रार प्रेक्षकाविषयी नव्हती, ती गीता विश्वासविषयी होती. आपण संकेत म्हणून स्वीकारतो ते ठीक. पण संहितेच्या आत जे पात्र आहे त्याला संकेताची सवलत नाही. त्याने डोळ्यांनी पाहिलेले आहे. ते का फसते?

हा प्रश्न बालिश समजून सोडून दिला जातो. तो सोडू नये असे मला वाटते. वेष बदलल्याने माणूस लपतो की नाही हा प्रश्न नीट तपासला, तर तो अखेर वेषाचा राहत नाही. 'ओळख' या व्यवहाराचा होतो, आणि त्या व्यवहारात कोणाची किती किंमत जाते याचा होतो.

२

प्रथम चष्म्याची बाजू ऐकून घेऊ. यॉर्क विद्यापीठातील रॉबिन क्रेमर आणि के रिची या मानसशास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये नेमका हाच प्रश्न प्रयोगात आणला. चेहऱ्यांच्या छायाचित्रांच्या जोड्या दाखवून दोन्ही चित्रे एकाच व्यक्तीची आहेत का, असे त्यांनी लोकांना विचारले. दोन्ही चित्रांत चष्मा असला किंवा दोन्हींत नसला तर उत्तरांची अचूकता सारखीच राहिली. एकात चष्मा आणि दुसऱ्यात नाही असे झाले की ती सुमारे ६ टक्क्यांनी घसरली. म्हणजे चष्मा अगदीच निरुपयोगी नाही. मात्र येथे एक अट आहे आणि सगळे मर्म त्या अटीतच आहे. प्रयोगातले चेहरे पाहणाऱ्यांना अपरिचित होते. नॉइज आणि जेंकिन्स यांच्या २०१९ च्या अभ्यासातून याची दुसरी बाजू पुढे आली. हेतुपुरस्सर केलेले वेषांतर अपरिचितांना बरेच फसवते. पाहणारा त्या व्यक्तीला आधीपासून ओळखत असेल तर ते फसवणे फारच कमी होते. त्याच अभ्यासाचा आणखी एक निष्कर्ष असा, की स्वतःसारखे न दिसणे हे दुसऱ्या विशिष्ट माणसासारखे दिसण्यापेक्षा सोपे आहे.

या निष्कर्षांतून एक साधी विभागणी हाती येते. अपरिचितांपासून लपणे शक्य आहे, परिचितांपासून जवळजवळ नाही. चष्मा लावलेला क्लार्क केंट रस्त्यावरच्या गर्दीत खपून जाईल, लुईस लेनसमोर खपणार नाही. मुलांची तक्रार योग्यच होती.

पण सुपरमॅनच्या बाजूने आणखी एक युक्तिवाद करता येतो, आणि तो अधिक गंभीर आहे. बुरखा किंवा मुखवटा घालणारा नायक स्वतःच जाहीर करत असतो की याच्यामागे कोणीतरी आहे. त्यामुळे लोक त्याला शोधू लागतात. सुपरमॅनचा चेहरा उघडा असल्याने तो काही लपवत असेल असा संशयच येत नाही. शोध घेण्याचे कारणच नसेल तर शोधाची दृष्टी तयार होत नाही. माणूस चेहरा नुसत्या डोळ्यांनी पाहत नाही, अपेक्षेने पाहतो. कचेरीत वाकून चालणारा, अडखळत बोलणारा सहकारी आणि आकाशातला देवसदृश पुरुष या दोन कोटी मनात इतक्या दूर ठेवलेल्या असतात, की त्यांच्यातले साम्य दिसले तरी ते साम्य म्हणून नोंदले जात नाही. म्हणजे येथे वेष लपवत नाही, पाहणाऱ्याच्या मनातली वर्गवारी लपवते. हा मुद्दा लक्षात ठेवावा. तो पुढे वेगळ्या आणि कमी मनोरंजक ठिकाणी उपयोगी पडणार आहे.

३

आपल्या परंपरेत वेषांतराचा सर्वांत मोठा प्रयोग विराटपर्वात होतो. पाच भाऊ आणि एक स्त्री, सगळे जगप्रसिद्ध, वर्षभर एका राजाच्या घरात राहतात. युधिष्ठिर कंक होतो, भीम बल्लव, अर्जुन बृहन्नडा, द्रौपदी सैरंध्री. नकुल घोडे सांभाळतो, सहदेव गाई. शस्त्रे शमीच्या झाडावर जातात. प्रत्यंचेने हातांवर पडलेले घट्टे अर्जुन बांगड्यांखाली झाकतो. तपशील इतका नेटका आहे, की हे घडू शकेल की नाही ही शंका महाभारतकारांनाही सतावत असली पाहिजे, असे वाटते. आणि ती सतावत होती याचा पुरावा संहितेतच आहे. आरण्यकपर्वाच्या अखेरीस यक्षरूप टाकून प्रकट झालेला धर्म पांडवांना वर देतो, की तुम्ही आपल्या मूळ रूपात हिंडलात तरी तुम्हांला कोणी ओळखणार नाही. असा वर असेल तर बांगड्या कशाला? आणि बांगड्या पुरेशा असतील तर वर कशाला? एकाच गोष्टीची ही दोन समर्थने, एक कौशल्याचे आणि एक अलौकिकाचे, शेजारी शेजारी ठेवलेली आहेत. अर्जुनाच्या षंढत्वाला उर्वशीच्या शापाचे कारण देणारा भाग भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीने मूळ संहितेबाहेर ठेवला आहे. म्हणजे नंतरच्या कथेकऱ्यांना ही दोन समर्थनेही पुरली नाहीत. त्यांनी तिसरे जोडले. अविश्वास किती जुना आहे हे यावरून दिसते.

तथापि विराटाच्या दरबारातली दृश्ये काळजीपूर्वक वाचली तर समर्थनांची फारशी गरज नव्हती असेच म्हणावे लागते. प्रत्येक पांडव समोर येतो तेव्हा राजा चकित होतो. हा आचारी दिसत नाही, हा गुराखी दिसत नाही, हा तर राज्याला योग्य दिसतो, असे तो बोलून दाखवतो. सुदेष्णाही सैरंध्रीला पाहून हेच म्हणते, आणि आपल्या नवऱ्याची चिंता करू लागते. म्हणजे वेष फसलेला आहे. थोरवी दिसते आहे. दिसत नाही ते फक्त नाव. विराटाने पांडवांना पूर्वी जवळून पाहिलेले नाही. तो गुण ओळखतो, माणूस ओळखत नाही. येथे पांडवांची खरी युक्ती पुढे येते. ते जवळजवळ सारेच सांगतात की आम्ही पूर्वी युधिष्ठिराच्या पदरी होतो, आणि सैरंध्री म्हणते की मी द्रौपदीची सेवा केली आहे. न जुळणाऱ्या थोरवीचा खुलासा त्यांनी खऱ्याच नावाच्या आधाराने केला आहे. उत्तम सोंग खऱ्यापासून दूर जात नाही, ते त्याच्या शेजारी जाऊन उभे राहते.

आणि ओळखतो कोण? गोग्रहणाच्या वेळी स्त्रीवेषातला सारथी रथावर दिसताच कौरवसेनेत कुजबूज होते, आणि हा अर्जुनच असे द्रोण जाणतो. ज्याने त्या हाताला धनुष्य धरायला शिकवले त्याच्यापुढे बांगड्यांचा उपाय चालत नाही. अपरिचित विराट वर्षभर फसतो, परिचित गुरू क्षणभरही फसत नाही. प्रयोगशाळेने जे आकड्यांत मांडले ते महाकाव्याने दोन पात्रांत मांडून ठेवले होते.

उलट्या बाजूचे उदाहरण मराठ्यांच्या इतिहासात आहे. पानिपतावर १४ जानेवारी १७६१ रोजी सदाशिवरावभाऊ नाहीसे झाले आणि पार्वतीबाईंनी वैधव्य स्वीकारले नाही. पुढे कनोजी ब्राह्मण सुखनिधान आपणच भाऊसाहेब असल्याचे सांगू लागला. तो कैदेत पडला, सुटला, १७७६ मध्ये कोकणात त्याच्यामागे फौज उभी राहिली, आणि त्याच वर्षी त्याला देहान्ताची शिक्षा झाली. न. चिं. केळकरांनी या प्रकरणावर 'तोतयाचे बंड' हे नाटक लिहिले. स्वतःला लपवण्यापेक्षा दुसरा होणे अवघड, हा मघाचा निष्कर्ष येथे आठवावा. तरीही तो इतकी वर्षे कसा टिकला? कारण पाहणाऱ्यांना भाऊ जिवंत हवे होते. फ्रान्समधल्या मार्टिन गेरच्या प्रकरणाचा शोध घेताना नॅटली झेमन डेव्हिस यांनी १९८३ मध्ये हाच मुद्दा पुढे आणला. परत आलेला नवरा खोटा आहे हे बायकोला कळले नसेल हे शक्य नाही; तिने त्याला खरा करून घेतला. ओळख ही डोळ्यांची क्रिया असते त्याहून अधिक इच्छेची असते.

४

मराठीत 'ओळख' या शब्दाचा पसारा पाहण्यासारखा आहे. माणसाचे स्वत्व ही त्याची ओळख. दोन माणसांतला परिचय हीही ओळखच. खूण पटणे म्हणजे ओळख पटणे. इंग्रजीत या तीन गोष्टींना तीन शब्द आहेत; मराठीला एक पुरतो, आणि हा दरिद्रीपणा नव्हे. ओळख असते, ओळख निघते, ओळख ठेवली जाते, ओळख दाखवली जाते आणि ओळख असूनही दाखवली जात नाही. यांतली प्रत्येक क्रिया दोघांमध्ये घडते. ओळख एकट्याची असूच शकत नाही, असे भाषेचेच म्हणणे दिसते. या दृष्टीने 'गुप्त ओळख' हा सुपरमॅनसाठी आपण वापरतो तो शब्दप्रयोग आतून विसंगत आहे. जी गुप्त आहे ती अजून ओळख झालेली नाही, आणि जी ओळख आहे ती किमान एकाला ठाऊक आहे.

जळकोटसारख्या गावात हे तत्त्वज्ञान म्हणून सांगावे लागत नाही. उदगीर, मुखेड आणि कंधार यांच्यामधल्या या डोंगराळ टापूत वाढलेल्या माणसाला चालण्यावरून घर, बोलण्यावरून वाडी आणि आडनावावरून बाकीचे सारे सांगता येते. निजामाच्या राजवटीतल्या कचेरीच्या उर्दूने या भागाला 'हुलिया' हा शब्द दिला. फरारी माणसाचे रंग, उंची, खुणा असे लेखी वर्णन म्हणजे हुलिया. हा शब्द परक्यांसाठी आहे. शिपाई परका असतो म्हणून त्याला हुलिया लागतो. गावाला लागत नाही. गाव वळखते, आणि गावाने वळख दाखवायची नाही असे ठरवले तर शिपायाच्या हाती हुलिया असूनही माणूस सापडत नाही. भूमिगत माणसाला वेष किती लपवतो आणि गावाचे मौन किती, हा हिशेब कुठल्याही लढ्याच्या इतिहासात करून पाहण्याजोगा आहे.

अशा गावात वेषांतराची कला मुळातच निराळी होते. बहुरूपी, ज्याला आमच्याकडे रायरंद असेही म्हणतात, खाकी कपडे चढवून सकाळी दारात उभा राहतो. आवाज चढवतो, न केलेल्या गुन्ह्याची नोंद वाचतो, घरातल्या म्हातारीला अटक करण्याची धमकी देतो. म्हातारी हसते आणि सूप घेऊन येते. या प्रयोगात कोणीही फसलेले नाही. बहुरूप्याचे पोट भरते ते त्याचे सोंग उघडे आहे म्हणूनच. लोकसेवकाचा गणवेश फसवण्याच्या हेतूने घालणे हा कायद्याने गुन्हा आहे. भारतीय दंडसंहितेच्या १७१ व्या कलमात तो होता आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्यायसंहितेतही तो राहिला. कायद्याने नकळत बहुरूप्याच्या कलेची व्याख्याच केली आहे. ज्याच्यावर विश्वास बसावा तो गुन्हेगार, ज्याच्यावर विश्वास बसू नये तो कलावंत. एकनाथांच्या भारुडांची सोंगे उभी राहतात तेव्हाही हेच घडते. लुगडे नेसलेला सोंगाड्या गावातला अमुक आहे हे सर्वांना ठाऊक असते, आणि ते ठाऊक असल्यामुळेच तो सासू-सुनेचे जे बोलतो ते आध्यात्मिक अर्थापर्यंत पोहोचते. माणूस दिसत राहतो आणि सोंगही दिसत राहते. श्रीशंकुकाच्या त्या पाचव्या प्रतीतीला पाटीवरचा घोडा लागत नाही; ती गावच्या पारावर मिळते.

म्हणजे गावाच्या सौंदर्यव्यवहारात वेषांतर आहे, लपणे नाही. लपण्यासाठी वेषांतर करावे ही कल्पना नगरात जन्मते. सुपरमॅन महानगराचा रहिवासी आहे हा योगायोग नव्हे.

५

मराठी रंगभूमीवर हे नगर प्रल्हाद केशव अत्रे यांनी उभे केले. १९६२ च्या 'तो मी नव्हेच' या नाटकात निपाणीचा तंबाखूचा व्यापारी लखोबा लोखंडे न्यायालयात उभा आहे, आणि निरनिराळ्या गावांत निरनिराळ्या नावांनी त्याने फसवलेली माणसे साक्षीला येतात. प्रभाकर पणशीकर त्यातली पाच रूपे साकारत, आणि फिरता रंगमंच एका गावातून दुसऱ्या गावात नेई. कथानक एका खऱ्या खटल्यावर बेतलेले असल्याने हे कसे शक्य आहे हा प्रश्न तिथे बंद होतो. ते शक्य झाले, कारण रेल्वे आणि जाहिरात यांनी माणसामाणसांतली 'ओळख' काढून टाकली होती. उरली होती ती नुसती माहिती. नाटकाची खरी गोम मात्र पुढे आहे. साक्षीदार त्याला ओळखतात. एकही साक्षीदार फसलेला राहत नाही. तरी तो निर्विकारपणे नाकारतो, आणि त्या क्षणी ओळखणे आणि ओळख सिद्ध करणे यांत केवढी दरी आहे ते प्रेक्षकाला कळते. वेषांतर डोळ्यांना फसवू शकले नाही तरी पुराव्याला फसवू शकते.

नगरातल्या वेषांतराचे कारण पुष्कळदा फार साधे असते: राहायला जागा. १९८८ च्या 'अशी ही बनवाबनवी' या सचिन पिळगावकर दिग्दर्शित चित्रपटात पुण्यातली घरमालकीण फक्त जोडप्यांनाच खोल्या देणार म्हणून दोन तरुण लुगडी नेसतात. सारा महाराष्ट्र त्यावर आजही हसतो, आणि हसावेच. पण त्याच्या पंचवीस वर्षे आधी, १९६३ मध्ये, बाबूराव बागूल यांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह आला होता. शीर्षककथेतला तरुण रेल्वेच्या नोकरीवर परप्रांतात जातो आणि त्यालाही एक खोली हवी असते. तो कुठलाही वेष घेत नाही. चष्मा लावत नाही, नाव बदलत नाही. फक्त जात सांगत नाही. बाकीचे काम इतरांच्या डोळ्यांतली वर्गवारी करते. शिकलेला, नेटका, बोलका माणूस म्हणजे आपल्यातलाच, असे ते धरून चालतात आणि त्याचा आदर करतात. सत्य कळल्यावर तीच माणसे त्याला मारतात.

माझ्या मते मराठी साहित्यात गुप्त ओळखीची खरी कथा ही आहे, आणि सुपरमॅनच्या कथेपुढे ती ठेवली की दोन्हींवर प्रकाश पडतो. सीगल आणि शुस्टर हे दोघे ज्यू स्थलांतरितांचे पुत्र होते, आणि क्लार्क केंटचा चष्मा हा परक्या समाजात सामावून जाण्याचा वेष आहे असे वाचन अमेरिकी समीक्षेत झालेलेच आहे. पण तिथे चष्म्यामागे सामर्थ्य आहे. ते उघडे पडले तर जग नतमस्तक होईल. बागुलांच्या नायकाच्या बाबतीत उलटे आहे. त्याचे सामर्थ्य, म्हणजे विद्या, वाणी, सभ्यता, हे उघडच आहे, लोक ते पाहताहेत आणि त्याला मानही देताहेत. लपलेले आहे ते समाजाने त्याच्यावर लादलेले हीनत्व. आपण ओळख लपवणे म्हणतो तेव्हा खरे काहीतरी झाकले जात आहे असे गृहीत धरतो. येथे जे झाकले आहे तेच खोटे आहे, आणि जे दिसते आहे ते खरे. मग सोंग कुणाचे? बागुलांनी शीर्षकात 'लपवली' हा शब्द घेतला नाही, 'चोरली' घेतला. चोरी परक्याच्या वस्तूची होते. जात मालकीची म्हणावी तर आपली आहे, आणि चोरली म्हणावे तर ती दुसऱ्याच कोणाची ठेव आहे. त्या क्रियापदाने ही पेचदार स्थिती एका फटक्यात उघडी केली. कथेतला दुसरा एक कामगार जात लपवत नाही आणि ताठ उभा राहतो, यामुळे नायकाच्या लपण्याकडे आपण केवळ करुणेने पाहू शकत नाही.

लातूर, नांदेड या भागात ही कथा शिकताना आणि शिकवताना एक गोष्ट ध्यानात येते. नायकाला निदान परप्रांत मिळाला. गावात राहणाऱ्याला तोही नाही. २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळात झाल्यावर या प्रदेशात दलितांवर जे हल्ले झाले, त्यांत कोण कुठे राहतो हे शोधण्याची गरज कोणाला पडली नाही. वस्तीची जागाच हुलिया होती. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार होईपर्यंत सोळा वर्षे या प्रदेशाने नावावर वाद घातला, आणि नावाचा वाद हा ओळखीचाच वाद असतो. वर मी परिचयाच्या गावाचे जे वर्णन केले त्यात एक ऊब आहे असे वाटले असेल. ती आहे. पण तीच परिचितता कोणासाठी आसरा आणि कोणासाठी सापळा होती हे सांगितल्याशिवाय ते वर्णन पुरे होत नाही. शहरातल्या अपरिचिततेची भीती वाटणारे आणि तिच्याकडे सुटका म्हणून पाहणारे असे दोन प्रकारचे वाचक या देशात कायम राहिले आहेत. विनोदी वेषांतर बहुधा पहिल्यांनी लिहिले आहे.

६

गेल्या काही वर्षांत या व्यवहाराची दोन्ही टोके ताणली गेली. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना मुले पळवणारे समजून जमावाने ठार मारले. अफवा भ्रमणध्वनीवरून फिरत होती. हे पाच जण सोंग घेऊन आलेले नव्हते. पिढ्यान्पिढ्या चालत आलेल्या वेषात आणि व्यवसायात आले होते. हरवले होते ते पाहणाऱ्यांचे वाचन. भगवी छाटी, झोळी, दारात मागणे या चिन्हांचा अर्थ लावणारी जी साक्षरता शाळेत न गेलेल्या म्हातारीपाशी होती, ती शाळा शिकलेल्या जमावापाशी उरली नव्हती. खऱ्या वेषाला वेषांतर समजले गेले. आज खाकी चढवणाऱ्या बहुरूप्याला दारात येण्याआधी आपले ओळखपत्र दाखवावे लागते, आणि ओळखपत्र दाखवून झाल्यावर जे उरते ते सोंग नसते.

दुसरे टोक यंत्राचे. २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातला पहिला आधार क्रमांक नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात देण्यात आला. आता चेहरा कोणीही पाहत नाही. अंगठा पाहिला जातो. या यंत्रापुढे कंकाचे, बृहन्नडेचे किंवा लखोबाचे काही चालले नसते. पण ऊसतोडीत आणि मातीकामात ज्यांच्या बोटांच्या रेषा झिजल्या, त्यांचेही यंत्रापुढे चालत नाही. स्वस्त धान्याच्या दुकानात दुकानदार बाईला नावाने हाक मारतो, तिच्या नातवाची चौकशी करतो, आणि यंत्र तिला ओळखत नाही म्हणून धान्य न देता परत पाठवतो. कसलाही वेष न घेता ती अनोळखी झालेली असते. ओळख आहे आणि ओळख पटत नाही, हे वाक्य मराठीत पूर्वी विनोद म्हणूनच शक्य होते.

साध्या चष्म्याने माणूस लपू शकतो का, या प्रश्नाचे उत्तर आता देता येईल. चष्म्याने फारसा लपत नाही. तो लपतो ते पाहणाऱ्याची त्याच्याशी ओळख नसल्यामुळे, किंवा पाहणाऱ्याला दुसरेच कोणी पाहायचे असल्यामुळे, किंवा ओळख असूनही ती दाखवायची नाही असे त्याने ठरवल्यामुळे. यांपैकी एकही कारण वेषात नाही. तीनही पाहणाऱ्यात आहेत. म्हणून वेषांतराच्या संहितेचे परीक्षण करताना पात्राने काय घातले आहे हे विचारणे दुय्यम ठरते. त्याला कोणी, कुठून, कशाच्या बळावर पाहिले हे आधी विचारले पाहिजे. लुईस लेनच्या न ओळखण्यात एका प्रणयकथेचे खेळकर सुख आहे आणि ते कोणी हिरावून घेऊ नये. विराटाच्या न ओळखण्यात पाहुणचार आहे. बागुलांच्या नायकाला न ओळखणाऱ्यांनी त्याला काही काळ माणूस म्हणून वागवले, आणि ओळखल्याबरोबर ते थांबवले. वेषांतराविषयीच्या कुठल्याही सिद्धान्ताला या तिसऱ्या घटनेचा जबाब द्यावा लागेल. तो न देता उभा राहिलेला सिद्धान्त मनोरंजनाचा सिद्धान्त होईल, साहित्याचा होणार नाही.